पेनाचे टोपण, तीन आटे आणि एक तुटलेली रेघ

दोह्यात शुक्रवारची सकाळ म्हणजे घरातली राहिलेली कामे उरकण्याची वेळ. दोन महिन्यांपूर्वी अशाच एका शुक्रवारी मी टेबलावर वर्तमानपत्र पसरून अण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, शाईचे पेन धूत बसलो होतो. अण्णा जाऊन तीन वर्षे झाली. त्यांच्या वस्तूंपैकी एवढी एकच मी इकडे घेऊन आलो. पेन एबोनाइटचे आहे, काळ्यात तांबड्या शिरा असलेले, लांबून पाहिले तर शिसवी लाकडाचे वाटावे असे. माझी अकरा वर्षांची मुलगी शेजारी बसून बघत होती. तिने टोपण लावले, पेन उजेडात धरले आणि विचारले, "बाबा, ही लाल रेघ इथे तुटली का?"

टोपणावरून एक रुंद तांबडी शीर खाली येत होती आणि टोपण संपते तिथे थांबत होती. दांड्यावर तशीच एक शीर होती, पण अर्ध्या सेंटिमीटराला थोडी कमी, बाजूला सरकलेली. मी म्हटले, "अगं, टोपण चुकीचे लागले असेल." काढून पुन्हा लावले. रेघ आणखी लांब गेली. तिसऱ्यांदा लावले, तर पेनाच्या पार मागे. चौथ्यांदा पुन्हा पहिल्या जागी. तिन्ही प्रकारे लावून झाले, पण शीर काही जुळेना. आणि मला तर पक्के आठवत होते की माझ्या लहानपणी ती जुळत असे.

माझा पोटापाण्याचा व्यवसाय सॉफ्टवेअरचा आहे. डॉक्टरेट मात्र यंत्र अभियांत्रिकीतली. ती पदवी घरात कधी उपयोगी पडलेली नाही, असे आमच्या सौभाग्यवतींचे मत आहे. तेव्हा या निमित्ताने ती कामाला लावावी असे ठरवले. त्यातून जे हाती आले ते मंडळाच्या वाचकांपुढे ठेवत आहे. विषय एवढासा आहे, पण त्याचा इतिहास बराच लांब जातो.

बोरूला टोपण नव्हते

पहिली गोष्ट अशी की पेनाचे टोपण ही तुलनेने अलीकडची वस्तू आहे. आपल्याकडे बोरू होता, पुढे टाक आला. दोघांनाही शाई लागे ती दौतीतून. लिहिणे संपले की बोरू पुसून कलमदानात ठेवायचा. झाकण असे ते कलमदानाला, किंवा दौतीला.

इथल्या इस्लामी कला संग्रहालयात (ते २००८ साली सुरू झाले) आपल्यापैकी बहुतेकजण पाहुण्यांना घेऊन एकदा तरी गेलेले असतात. पुढच्या वेळी गेलात तर जडावाच्या धातुकामापाशी थोडे थांबा. इराण, इराक, सीरिया या प्रदेशांत तेराव्या-चौदाव्या शतकांत पितळेवर चांदीची तार ठोकून नक्षी काढण्याची कला शिखराला पोहोचली होती, आणि त्या कारागिरांनी लांबट कलमदानेही घडवली. अशा कलमदानाचे झाकण मागच्या बाजूला बिजागरीला धरलेले असते. ते वर उठते आणि खाली येते, एवढेच. गोल फिरण्याची त्याला सोय नाही. म्हणून कारागिराने झाकण बंद करून एकदा नक्षी आखली की ती शेकडो वर्षे तशीच जुळत राहते.

गोल डब्यांचे तसे नसते. पण तिथेही आपल्या लोकांनी युक्ती काढली होती. सावंतवाडीच्या चितारआळीतली लाखकामाची लाकडी खेळणी आणि करंडे आपण पाहिलेले आहेत. कातावर लाकूड फिरत असताना त्यावर रंगीत लाखेची कांडी टेकवायची; घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडाला धरते. फिरत्या लाकडावर कांडी टेकवली की उमटणार गोल पट्टाच. कुंकवाच्या करंड्याला असे पट्टे असले की झाकण कसेही लावा, पट्टा पट्ट्याला समांतरच राहतो. रेघ तुटण्याचा प्रश्नच येत नाही. नक्षी उभी असली, तिरपी असली किंवा फुलापानांची असली की मग पंचाईत सुरू होते. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे मोठमोठ्या कंपन्यांनीही हीच वाट धरली.

आटे आले आणि प्रश्न आला

हेन्री मॉडस्ले या इंग्रज कारागिराने १८०० च्या सुमारास आटे अचूक पाडणारे लेथ तयार केले. त्याच्याच हाताखाली शिकलेल्या जोसेफ व्हिटवर्थने १८४१ साली आट्यांचे माप सर्वत्र एकच असावे अशी पद्धत मांडली. एका कारखान्यातला बोल्ट दुसऱ्या कारखान्यातल्या नटात बसायचा असेल तर दोन आट्यांमधले अंतर आणि आट्याचा कोन ठरलेला हवा, हे त्याचे म्हणणे. आमचे गाव सांगली जिल्ह्यातले, किर्लोस्करवाडीपासून फारसे लांब नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली तिथे कारखाना वसवला, आणि तेव्हापासून आमच्या भागात घरटी एखादा टर्नर नाही तर फिटर निघतो. "आटे गेले", "आटा चढला" असले शब्द आम्ही बाराखडीबरोबरच शिकलो.

व्हिटवर्थच्या पद्धतीत एक गोष्ट मात्र ठरवलेली नव्हती, आणि ती आजही बहुतेक ठिकाणी ठरवलेली नसते. आटा वर्तुळावर नेमका कुठे सुरू व्हावा? नट-बोल्टाला त्याची गरज नसते. नट घट्ट बसला की त्याचा षटकोन कोणत्या दिशेला तोंड करून थांबला, हे कोण बघतो? इथल्या तेलविहिरींतही तेच. विहिरीत सोडायच्या काही पाइपांवर आट्यांच्या शेवटाजवळ एक छोटा त्रिकोण ठोकलेला असतो, आणि जोड त्या त्रिकोणापर्यंत चढला की तो पुरेसा आवळला असे मानतात. म्हणजे तिथे मोजतात ते अंतर. पाइप कोणत्या दिशेला वळून थांबला याच्याशी कुणाला कर्तव्य नसते. पाइपाला नक्षी नसते.

पेनाला असते. एबोनाइट म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेले रबर. त्याचे पेटंट अमेरिकेत नेल्सन गुडइयरने १८५१ साली घेतले. शाईने ते खराब होत नाही आणि लेथवर सुरेख कातले जाते, म्हणून फाउंटन पेनाला ते लाभले. वॉटरमनने आपले प्रसिद्ध पेटंट १८८४ साली मिळवले, तेव्हाची टोपणे नुसती दाबून बसवायची होती. खिशात पेन आडवे झाले की शाई बाहेर येई. मग विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत आट्यांची टोपणे रुळली. शर्ट वाचले, पण टोपण आता गोल फिरत फिरत बसू लागले आणि कुठेतरी थांबू लागले. नक्षी जुळणार की नाही हे ठरू लागले त्या थांबण्याच्या जागेवर.

एकपदरी आणि तीनपदरी

इथे थोडे गणित येणार आहे, पण ते सातवीच्या वरचे नाही.

एका दांड्यावर एकच दोरा गुंडाळत नेला तर जसा दिसेल तसा साधा आटा असतो. त्याला आपण एकपदरी म्हणू. दोन शेजारच्या वेढ्यांमधले अंतर ०.८ मि.मी. असेल तर टोपणाचा एक पूर्ण फेरा झाला की ते ०.८ मि.मी. पुढे जाते. टोपण घट्ट बसायला समजा ३ मि.मी. आत जायला हवे, तर पावणेचार फेरे लागतील. फोनवर बोलता बोलता निरोप लिहून घ्यायचा आहे आणि तुम्ही टोपण फिरवत बसला आहात, असा प्रसंग होईल.

म्हणून पेनवाले तीन दोरे शेजारी शेजारी गुंडाळतात. हा तीनपदरी आटा. वेढ्यांमधले अंतर तेच, ०.८ मि.मी., पण एका फेऱ्यात टोपण तिप्पट, म्हणजे २.४ मि.मी. पुढे जाते. सव्वा फेऱ्यात काम झाले. आपल्या बहुतेक पेनांचे टोपण एक-सव्वा फेऱ्यात निघते ते याच कारणाने.

या सोयीची किंमत अशी, की तीन पदर असल्याने टोपण तीन ठिकाणांहून आत शिरू शकते. त्यामुळे शेवटी ते थांबते तेही तीन वेगवेगळ्या जागी, एकमेकांपासून १२० अंशांवर. त्यातल्या एकाच जागी नक्षी जुळेल. म्हणजे ज्याला नक्षीची पर्वा आहे त्याला बरोबरचे तोंड शोधावे लागते. एकपदरी आट्यात हा शोध नाही. जागा एकच.

पण एकपदरी आट्याची दुसरी बाजूही आहे. टोपणाची कड जिथे दांड्याच्या खांद्याला टेकते (काही पेनांत ही टेकण्याची जागा टोपणाच्या आत असते) तिथला भाग रोजच्या वापराने झिजतो. कड ०.१ मि.मी. झिजली, म्हणजे साध्या झेरॉक्सच्या कागदाच्या एका जाडीइतकी, तर एकपदरी आट्यात टोपण ४५ अंश जास्त फिरेल. तीनपदरी आट्यात फक्त १५ अंश. सारांश, एकपदरी आटा बरोबर तोंड शोधायला लावत नाही, पण झीज सहन करत नाही. तीनपदरी झीज पुष्कळ सहन करतो, पण प्रत्येक वेळी शोधायला लावतो.

कारखान्यांनी काढलेल्या पळवाटा

ज्यांना दिवसाला हजारो पेने काढायची होती त्यांनी हा प्रश्न सोडवला नाही, टाळला. शेफरने १९२४ साली सेल्युलॉइडची पेने बाजारात आणली आणि रंगांची चंगळ सुरू झाली. पार्करचे व्हॅक्युमॅटिक १९३३ साली आले. त्याचे अंग सेल्युलॉइडच्या चकत्या एकावर एक चिकटवून केलेले, एक चकती अपारदर्शक तर दुसरी उजेडाला धरल्यावर आतली शाई दाखवणारी. नक्षी कसली, तर आडवे पट्टे. सावंतवाडीच्या करंड्याचीच युक्ती. टोपण कुठेही थांबो, पट्टे बिघडत नाहीत.

जर्मनीच्या पेलिकनने वेगळी वाट काढली. १९५० साली आलेल्या त्यांच्या ४०० क्रमांकाच्या पेनाच्या दांड्यावर उभ्या हिरव्या रेघा होत्या, पण टोपण साधे काळे. ज्याच्यावर नक्षीच नाही त्याच्याशी ती जुळवायची कशी? पार्कर ५१ हे १९४१ सालचे पेन, आखातातून सुटीवर येणारे काका-मामा ज्या जातीची पेने आपल्या वडिलांना भेट आणत त्यांतले सर्वांत नावाजलेले. त्याने आटेच काढून टाकले. धातूचे टोपण नुसते सरकवून बसवायचे, हवे तसे फिरवायचे. १९६० च्या दशकातल्या पार्कर ७५ वर चांदीत उभ्या-आडव्या रेघांची चौकट कोरलेली असे. तिथेही टोपण सरकवायचेच, त्यामुळे हौशी माणूस ते हाताने किंचित फिरवून रेघ रेघेला लावू शके.

प्रश्नाला सामोरे गेले ते जपानी. रियोसुके नामिकी आणि मासाओ वादा यांनी १९१८ साली पेनांची कंपनी काढली. तीच पुढे पायलट म्हणून जगाला माहीत झाली. एबोनाइट उजेडाने विटते, काळ्याचे तपकिरी होते. यावर उपाय म्हणून त्यांनी त्यावर जपानी लाखेचे थर द्यायला सुरुवात केली. (ही लाख झाडाच्या चिकाची, आपली लाख किड्याची, नाव एक असले तरी वस्तू वेगळ्या.) लाख आली तशी तिच्यावर सोन्याची भुकटी भुरभुरून चित्र काढण्याची जुनी कलाही पेनावर आली. १९३० साली लंडनच्या डनहिलशी करार झाला आणि गोन्रोकु मात्सुदा यांच्यासारख्या कलावंतांच्या हातची पेने युरोपात पोहोचली. अशा पेनावर एखादा मासा टोपणावर डोके आणि दांड्यावर शेपूट ठेवून पोहत असतो. टोपण दहा अंश सरकले तर माशाची मान मुरगळते! म्हणजे चित्रकाराने कुंचला हाती घेण्यापूर्वीच टोपण कुठे थांबणार हे पक्के व्हायला हवे, आणि वर चढणाऱ्या प्रत्येक थराची जाडी त्या हिशेबात धरायला हवी. हे काम घाईने होत नाही.

स्वदेशी पेने

आपल्याकडची गोष्ट याच सुमाराची. दिगंबर परशुराम दांडेकर आणि त्यांचे बंधू यांनी १९३१ साली मुंबईत शाईचा धंदा सुरू केला. तेच पुढचे कॅम्लिन, ज्यांची शाई आपल्या शाळेच्या गणवेशांवर कायमची राहिली. पेनाची स्वदेशी मात्र आंध्रातून आली. राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम् यांनी लेथवर एबोनाइटची पेने करायला घेतली. अखिल भारत ग्रामोद्योग संघ १९३४ च्या अखेरीस स्थापन झाला, त्याचे ठाणे वर्ध्याच्या मगनवाडीत होते आणि जे. सी. कुमारप्पा त्याचे काम पाहत. रत्नम् यांचे पेन कुमारप्पांमार्फत गांधीजींकडे गेले, आणि जुलै १९३५ मध्ये वर्ध्याहून गांधीजींनी रत्नम् यांना पत्र लिहून पेनाची पोच आणि पसंती कळवली. स्वातंत्र्यानंतर मुंबईतही पेनांचे कारखाने उभे राहिले. एअरमेलची पेने आजही जुन्या मंडळींच्या खिशात सापडतात.

या सगळ्याखाली आणखी एक थर होता, ज्याची नोंद कुठे नाही. गावोगावच्या बाजारपेठांत एक लेथ, एबोनाइटच्या चार कांड्या आणि निबांचा डबा एवढ्या भांडवलावर पेने कातून विकणारे कारागीर होते. अण्णांनी शिक्षक म्हणून पहिला पगार झाल्यावर सांगलीच्या बाजारात अशाच एकाकडून हे पेन घेतले. कारागिराने टोपण आणि दांडा एकाच कांडीतून, एकापुढे एक, कापले होते. म्हणूनच ती तांबडी शीर दोन्हींवर होती. पण नुसते एका कांडीतून कापल्याने शीर जुळत नाही. आटे पाडल्यावर टोपण लावून पाहायचे, शीर कुठे येते ते बघायचे, मग दांड्याचा खांदा लेथवर केसभर उतरवायचा, पुन्हा लावून पाहायचे. वरच्या हिशेबाने ०.८ मि.मी. अंतराच्या आट्यात जास्तीत जास्त तेवढेच, म्हणजे ०.८ मि.मी., उतरवले की शीर जुळणारच. पण शेवटच्या दोन-चार शतांश मिलीमीटरांना हात हलका लागतो. एकदा जास्त उतरले तर पुढची जुळणी येईपर्यंत पुन्हा उतरवत जावे लागते. पाच-दहा रुपयांच्या पेनासाठी त्या माणसाने हे केले होते.

हिशेब

आता अण्णांच्या पेनाकडे येतो. टोपणाच्या कडेपाशी दांड्याचा व्यास व्हर्नियरने मोजला, १३ मि.मी. भरला. म्हणजे परीघ ४०.८ मि.मी. कागदाची पट्टी गुंडाळून दोन शिरांमधले अंतर मोजले, ४.५ मि.मी. भरले. म्हणजे टोपण सुमारे ४० अंश सरकलेले, आणि तेही आवळण्याच्या दिशेने. आटा तीनपदरी, एका फेऱ्यात २.४ मि.मी. जाणारा. त्रैराशिक मांडले: टोपण पूर्वीपेक्षा ०.२७ मि.मी. जास्त खाली जात होते.

नुसत्या कागदावरच्या हिशेबावर विश्वास ठेवू नये म्हणून प्रयोगही केला. झेरॉक्सच्या कागदाच्या बारीक चकत्या कापून टोपण आणि खांदा यांच्यामध्ये ठेवत गेलो. एक चकती ठेवली, शीर जवळ आली. दोन ठेवल्या, आणखी जवळ. तिसरीला थोडी पलीकडे गेली. मुलगी टाळ्या वाजवत होती. हिशेब बरोबर होता. कुठूनतरी पाव मिलीमीटरहून थोडे जास्त एबोनाइट नाहीसे झाले होते.

एवढी झीज वापराने होईल का? मी टोपणाची कड भिंगाखाली धरली. कड सपाट नव्हती, एका बाजूला उतरती होती, आणि तिच्यावर बारीक आडवेतिडवे ओरखडे होते. लेथवर असे ओरखडे येत नाहीत. मी बोटाने कड चोळली आणि एबोनाइट चोळल्यावर येतो तो गंधकाचा वास नाकात गेला. त्या वासासरशी मला सगळे आठवले.

मी आठवीत होतो. १९९३ साल. सहामाही परीक्षेला अण्णांना न विचारता त्यांचे पेन दप्तरात टाकून नेले. पेपर सुटल्यावर मित्राला दाखवताना टोपण हातातून निसटून व्हरांड्याच्या फरशीवर आपटले आणि कडेचा एक टवका उडाला. घरी जाऊन मागच्या दारच्या पायरीवर, दगडावर पाणी आणि बारीक रेती घेऊन, मी ती कड टवका दिसेनासा होईपर्यंत घासली. हाताला दोन दिवस गंधकाचा वास येत होता. पेन पुसून अण्णांच्या सदऱ्याच्या खिशाला होते तसे लावून ठेवले. शिरेकडे माझे लक्षही गेले नाही. ते काही बोलले नाहीत, मीही बोललो नाही. पुढे अभियांत्रिकी झाले, डॉक्टरेट झाली, आटे आणि त्यांच्या सहनमर्यादा यांवर मी लोकांना शिकवलेही, आणि ही गोष्ट साफ विसरून गेलो.

म्हणजे रेघ तोडणारा मीच.

दुरुस्ती

दोन उपाय होते. पहिला, गेलेले ०.२७ मि.मी. परत भरायचे. दुसरा, आणखी ०.५३ मि.मी. उतरवायचे, म्हणजे टोपण आणखी ८० अंश फिरून पुढच्या तोंडाला शीर जुळेल. दुसऱ्या उपायाने जोड दिसायला स्वच्छ राहतो, पण टोपण आणखी खाली येते, आतली निब टोपणाला टेकण्याचा धोका असतो, आणि एकदा उतरवलेले परत येत नाही. एकदा घासून चूक केलेल्या माणसाने दुसऱ्यांदा घासू नये, असेही वाटले.

आजच्या संगणकावर चालणाऱ्या लेथला हा प्रश्न कसा दिसतो, हेही सांगतो. या यंत्रात फिरत्या दांड्याला एक मोजणीयंत्र जोडलेले असते. ते प्रत्येक फेऱ्याला एक ठरावीक खूण पाठवते, आणि त्या खुणेपासून किती अंशांवर आटा सुरू करायचा हे आज्ञावलीत लिहिता येते. तीनपदरी आटा पाडायचा तर ०, १२० आणि २४० असे तीन आकडे द्यायचे. मॉडस्लेच्या लेथपासून जी गोष्ट मोकळी राहिली होती ती आता एका आकड्याने बांधता येते. पण यंत्राला दांड्याचा कोन कळतो, एबोनाइटमधली तांबडी शीर कुठे आहे ते कळत नाही. कांडी पकडताना ती शीर खुणेसमोर आणणे हे अजूनही बघणाऱ्या माणसाचेच काम आहे.

मी पहिला उपाय केला. काळ्या फाइलच्या कव्हराची एक बारीक चकती कापली, पॉलिश पेपरवर घासत घासत ०.२७ वर आणली आणि न चिकटवता टोपणाच्या कडेखाली बसवली. शीर जुळली. नीट पाहिले तर जोडापाशी एक काळी रेघ दिसते, पण चकती केव्हाही काढता येते.

त्या संध्याकाळी आईला फोन केला आणि एकतीस वर्षांनी कबुली दिली. पेन मी पाडले होते, टोपण मी घासले होते. आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "टोपणाचं मला नाही बाबा माहीत. पण ते पेन बंद करताना टोपण एकदा लावायचे, काढायचे, पुन्हा लावायचे, काढायचे, असं दोन-तीनदा करायचे. मी म्हणायची, अहो, काय चाळा लावलाय? तर हसायचे नि तसंच लावून खिशात ठेवायचे. रोज. शेवटपर्यंत."

तीन तोंडे. त्यातले एक बरोबरचे असते हे त्यांना माहीत होते. कधीतरी ते सापडेनासे झाले, आणि ते रोज शोधत राहिले. कड घासलेली आहे हे पहिल्याच दिवशी त्यांच्या लक्षात आले असणार. सांगलीच्या त्या कारागिराकडे नेले असते तर त्याने पाच मिनिटांत सांगितले असते की ही झीज नव्हे, कुणीतरी दगडावर घासले आहे. अण्णांनी पेन त्याच्याकडे कधी नेले नाही.

असो. वाचकांपैकी कुणाकडे असे जुने पेन असेल तर दोन-तीन सूचना. एबोनाइटचे पेन गरम पाण्यात बुडवून ठेवू नका, रंग विटतो. दोह्याच्या उन्हाळ्यात ते गाडीत विसरू नका, वाकते. टोपणाची नक्षी जुळत नसेल तर आधी सगळ्या तोंडांनी लावून पाहा. तरी जुळली नाही तर कानस हातात घेण्यापूर्वी कागदाच्या चकत्या ठेवून किती अंतर गेले ते मोजा. आणि घासण्यापूर्वी घरात कुणाला तरी विचारा.

पेन आता मुलीकडे आहे. तिला बरोबरचे तोंड ओळखता यावे म्हणून टोपणाच्या आत एक बारीक पांढरा ठिपका देऊ का, असे मी विचारले. ती नको म्हणाली. तीनदा लावून बघायला तिला आवडते.